सीडर उघडला तेव्हा

ओइवाने घण खाली टेकवला आणि म्हणाला, "आर्मासला सांग, त्याच्या बाजूची पाचर वाकडी बसलीय."

आर्मास खोडाच्या पलीकडेच उभा होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं. तरी लेम्पीने नवऱ्याचं बोलणं उचलून पलीकडे दिलं. "आर्मास, पाचर वाकडी आहे म्हणतोय."

"त्याला म्हणावं, पाचर सरळच आहे, वहिनी. लाकडाला जरा पीळ आहे."

"पीळ त्याच्या डोक्यात आहे," ओइवा म्हणाला.

काल दुपारच्या फेरीबोटीतून आर्मास सॉइंतुला गावाच्या धक्क्यावर उतरला, तेव्हापासून हे असं चाललं होतं. एका घरात जेवायचं, एका सौनात, वाफेच्या खोलीत, अंग शेकायचं, आणि एकमेकांशी बोलायचं ते लेम्पीच्या तोंडून. ती सत्तावीस वर्षांपूर्वी या घरात सून म्हणून आली, तेव्हा हेच दोघे भाऊ एका कपातून कॉफी प्यायचे. बिनसलं ते बोटीच्या अंगाला लावायच्या एका लाकडी पट्टीवरून. सासरे, आपो सावोला, बोटी बांधायचे, आणि त्यांची अट एकच होती: पट्टी बोटीच्या नाकापासून शेपटापर्यंत अखंड हवी, मध्ये सांधा नको. आर्मास व्हँकूवरच्या एका कारखान्यात तिरका काप देऊन, गोंदाने पट्ट्या सांधायला शिकून आला. त्याने हौसेने केलेली पहिली सांधलेली पट्टी आपोंनी सगळ्यांसमोर मोडून सौनाच्या चुलीत घातली. ओइवा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. आर्मासला बापाचा राग दोन वर्षांत गेला, भावाचं गप्प राहणं मात्र अजून गेलेलं नव्हतं.

आता तो आला होता तो इर्यासाठी. लेम्पीची ही एकुलती एक मुलगी मासेमारीचे चार हंगाम दुसऱ्यांच्या बोटींवर राबली होती आणि आता तिला स्वतःची बोट हवी होती. काकाला तिने बापाला न विचारता बोलावलं. "बोट माझी आहे. कोणी बांधायची ते मी ठरवणार," एवढंच ती जेवताना म्हणाली होती, आणि ओइवाने सूप संपेपर्यंत मान वर केली नव्हती.

झाड मात्र त्यानेच निवडलं होतं. जानेवारीच्या वादळात घरामागच्या उतारावरचा हा तांबडा सीडर मुळांसकट आडवा झाला. पडतानाच्या धक्क्याने घरातल्या बशा खणखणल्या होत्या. ओइवा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला तो जेवायच्या वेळेपर्यंत परतलाच नाही. लेम्पी बघायला गेली, तर तो सालीच्या रेघांवरून बोट फिरवत खोडाच्या कडेकडेने चालत होता. साल सरळ तर आतलं लाकूड सरळ. एक ढलपी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली. ती जेमतेम पिसाएवढी जड होती. तिच्या कडेला वर्षांच्या रेघा इतक्या दाट होत्या की केसांची बट चपटी करून ठेवावी तशा दिसत होत्या.

"हे सावकाश वाढलेलं लाकूड आहे," तो म्हणाला होता. "याला घाई नव्हती."

त्यातही अडचणी होत्या. शेंडा खडकावर आपटून फुटला होता. मुळाजवळ खोड पसरट झालं होतं, तिथलं लाकूड लाटेसारखं वेडंवाकडं, पट्टीला निरुपयोगी. मधे जो सरळ भाग उरला, तो इर्याच्या बोटीपेक्षा फक्त हातभर जास्त. बुंध्याकडे, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर येईल अशा जागी, सालीवर एक उभा जुना व्रण होता. फांदी मोडून भरून आली असेल असं ओइवाला वाटलं. त्या व्रणाच्याच रेषेत खोड फोडायचं त्याने ठरवलं, म्हणजे खराब लाकूड दोन्ही अर्ध्या भागांच्या काठाला जाईल आणि बाकीचं वाचेल. या एका गोष्टीला आर्मासनेही हरकत घेतली नाही.

खोड आडवं पडूनही लेम्पीच्या डोक्याएवढं उंच होतं. इतकं जाड लाकूड बेटावरच्या कुठल्याच करवतीत बसलं नसतं. म्हणून पाचरी.

"आता मी मारते," इर्या म्हणाली आणि तिने बापाच्या हातातला घण घेतला.

पाचरी एकामागून एक आत जात राहिल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खोडाच्या आतून आवाज आला, खूप लांब कोणीतरी शिडाचं कापड फाडत असल्यासारखा. तो टोकाकडून त्यांच्या दिशेने सरकत आला, त्यांना ओलांडून गेला आणि थांबला. इर्या घण उचललेलाच ठेवून उभी राहिली. आर्मास हळू म्हणाला, "सगळे मागे व्हा," आणि या वेळी ओइवाने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

खोड उघडलं. एक अर्धा भाग जागेवर राहिला, दुसरा कुशीवर वळणाऱ्या जनावरासारखा हळूहळू कलला आणि नेच्यांमध्ये विसावला. आत रंग होता तो ताज्या कापलेल्या सामन माशाच्या मांसाचा, गुलाबी-नारिंगी, कडेला फिका, मधे गडद, आणि मधोमध चहासारखा तपकिरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा ताणलेल्या तारांसारख्या जात होत्या. एक गाठ नव्हती. वास असा आला की लेम्पीचे डोळे चुरचुरले. एवढ्या मोठ्या वस्तूचा आतला भाग आपण पहिल्यांदा पाहतो आहोत, आणि त्या झाडाने तो आजवर कोणालाच दाखवला नव्हता, असं लेम्पीच्या मनात आलं.

पण तसं नव्हतं.

"बाबा," इर्या म्हणाली. "इथे बघा."

ती व्रणाच्या जागी वाकली होती. बाहेरून साल आत दुमडत गेली होती, काळी आणि कोरडी, पुस्तकाच्या मिटलेल्या पानांसारखी. त्यामागे, जवळजवळ खोडाच्या गाभ्यापर्यंत, एक पोकळी होती. पावाची लादी मावेल एवढी. फुटताना ती बरोबर मधून दुभंगली होती. अर्धी या भागात, अर्धी त्या भागात.

"सुतारपक्षी," ओइवा म्हणाला.

"सुतारपक्षी चौकोन काढत नाही," आर्मास म्हणाला. बोलताना तो थेट भावाकडे बघत होता.

पोकळीच्या कडा सरळ होत्या. आतल्या भिंतींवर हत्याराचे घाव होते, तीन बोटं रुंद, एकाखाली एक, लोण्यातून चमचा ओढत न्यावा तसे. झाडाने बाहेरून तोंड मिटून घेतल्यावर आत ना पाऊस गेला होता ना किडा. घाव कालचे वाटत होते. लेम्पीने त्यांच्यावरून बोट फिरवलं. एका जागी हत्यार जरा घसरलं होतं आणि त्याच जागी पुन्हा नीट घाव घातला होता.

"कोणीतरी इथे उभं होतं," इर्या म्हणाली.

आर्मासने पोकळीपासून सालीपर्यंतच्या रेघांकडे नजर टाकली. "आजोबा या बेटावर यायच्या कितीतरी आधी," तो म्हणाला. "कितीतरी."

ओइवाने टोपी काढून कपाळ पुसलं. "बरं. पाहून झालं. पलीकडच्या बाजूचं लाकूड अखंड आहे. तिकडून कापत येऊ. हे मधे येईल तेव्हा येईल."

"येईल तेव्हा म्हणजे? करवत घालणार यातून?"

"इर्या, एवढा भाग सोडला तर या बाजूचं लाकूड दोन हात आखूड होतं. अखंड पट्ट्या निम्म्याच निघतील. बाकीच्या कुठून आणू?"

"अँबरोजकाकाला दाखवू आधी."

अँबरोज अलर्ट बे गावचा, खाडीपलीकडच्या बेटावरचा. त्याची माणसं इथली मूळची, या पाण्यावर कधीपासून होती ते कोणी मोजलेलं नव्हतं. ओइवा आणि तो अर्ध्या आयुष्यभर जाळी शेजारीशेजारी टाकत आले होते.

"लाकूड आपल्या जमिनीत पडलंय," ओइवा म्हणाला. "निवाडा शेजाऱ्याचा कशाला?"

इर्याने काकाकडे पाहिलं. आर्मासने नजर खाली घातली. या घरात भावाविरुद्ध मत द्यायचा आपला हक्क संपला आहे, असं त्याला वाटत असावं. मग इर्याने आईकडे पाहिलं. या घरात लाकडाबद्दल लेम्पीला कधी कोणी विचारलं नव्हतं. तिने कॉफी आणायची, भुसा झाडायचा, आणि कालपासून निरोप पोचवायचे.

"जा," लेम्पी म्हणाली. "लहान बोट घेऊन जा. आणि परत येताना आजीला हाक मार. तिनेही बघायला हवं."

ओइवा बायकोकडे असा बघत राहिला, जणू घरातलं घड्याळच बोललं होतं.

अँबरोज आला तो बडबडतच. साठीचा, जाडजूड, हाताला इंजिनाचं तेल. "ओइवा, तुझ्या पोरीने मला पंप उघडलेला असताना उठवून आणलंय. कोणी गेलं असेल असं वाटलं. तू तर धडधाकट दिसतोस." उतार चढून तो खोडाजवळ आला, त्याने दोन्ही भाग पाहिले, आणि मग ती पोकळी. त्याची बडबड थांबली.

सायमाही काठी टेकत इर्याच्या खांद्याला धरून आली. आपोंची ही विधवा पाऊणशे ओलांडून गेली होती. वसाहत बसवायला निघालेल्या पहिल्या फिन्निश लोकांबरोबर ती आईच्या कडेवर या बेटावर उतरली होती. ती एका ओंडक्यावर बसली. लेम्पीने तिच्या गुडघ्यांवर शाल टाकली.

अँबरोजने बाही वर केली आणि हात पोकळीत घातला. त्याचा तळवा आतल्या भिंतीवर बसला. तो तसाच राहिला.

"आमची जुनी माणसं असं भोक पाडून आत चाचपायची," तो शेवटी म्हणाला. "मधे कुजलंय का ते कळतं. चांगलं असेल तर पाडायचं, होडी करायची. कुजलेलं असेल तर उभं सोडायचं."

"हे कुजलेलं नाही," ओइवा म्हणाला.

"नाही."

"मग सोडलं का?"

"माझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. मी इंजिनातला माणूस." अँबरोज हसला. "असेल कोणी आळशी. जेवायची हाक आली असेल. आमच्यातही सगळेच काही कामाचे नव्हते." त्याचं हसू जरा वेळ राहिलं आणि मग विझलं. "नाहीतर पुढच्या हंगामात येतो म्हणून गेला असेल. त्या काळात पुष्कळ लोक परत आलेच नाहीत."

साथीचे रोग, रिकामी झालेली गावं, हे सगळं या किनाऱ्यावर प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणी त्याबद्दल जेवताना बोलत नसे. वारा सीडरचा वास घेऊन खाली पाण्याकडे गेला.

"तुला काय वाटतं?" ओइवाने विचारलं. "काय करावं?"

"झाड तुझ्या जमिनीत आहे. मी काही मागायला आलेलो नाही. पोरीने दाखवायला बोलावलं, बघितलं." त्याने बाही खाली केली. "मला दाखवलंत, बरं वाटलं. कॉफी आहे का, लेम्पी?"

त्याला कॉफी आणि वेलदोड्याचा पाव देऊन ती परतली तोवर घरची माणसं आपल्या फिन्निश भाषेत शिरली होती.

"दोन हात," ओइवा म्हणत होता. "दोन हातांसाठी निम्मी बोट तुकड्यांची करायची?"

"तुकड्यांची नाही," आर्मास म्हणाला. "सांध्यांची."

"तेच ते."

"तेच ते असतं तर मी नऊ वर्षं व्हँकूवरला काय झक मारत होतो?"

"हे बघा," पलीकडून अँबरोज इंग्रजीत म्हणाला, "भांडायचं तर जरा हळू. तुमच्या शिव्या मला सगळ्या कळतात. ओइवानेच शिकवल्यात."

इर्याला हसू फुटलं. आर्मासलाही. ओइवाच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्याने तो आवरला. तो आईकडे वळला. "आई, तूच सांग. बाबा असते तर काय केलं असतं?"

"आपो असता तर कापलं असतं," सायमा म्हणाली. "त्यात विचारायचं काय आहे?"

ओइवाने मान हलवली. त्याला हवं ते मिळालं होतं. पण सायमाचं बोलणं संपलेलं नव्हतं. तिने काठी लेम्पीच्या हातात दिली, उठली, आणि दोन पावलं टाकून खोडाला धरून उभी राहिली. तिचा सुरकुतलेला हात पोकळीत गेला. घाव एकेक करून तिने चाचपले, कपडा घेताना त्याची वीण बघतात तसे.

"आम्ही आलो तेव्हा मला काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "पण आई आयुष्यभर सांगायची. निघताना त्यांना सांगितलं होतं, बेट रिकामं आहे. कोणी नाही तिथे. नुसती झाडं." तिने हात काढला नाही. "आणि हे झाड सगळा वेळ आपल्या घरामागे उभं होतं."

लेम्पीने ओइवाचा चेहरा पाहिला. त्याच्या लहानपणापासून तो या झाडाखालून येत-जात होता. त्याच्या मनात आता काय चाललं होतं ते तिला नेमकं कळलं नाही, पण तो डोळे वर करून, झाड जिथे उभं असायचं त्या मोकळ्या आभाळाकडे बघत होता.

"बोट माझी आहे ना?" इर्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मग हा भाग मी अँबरोजकाकाला देते. अखंड पट्ट्या निघतील तेवढ्या पाण्याखाली लावू, बाकीच्या सांधू. आर्मासकाका शिकवेल मला."

"म्हणजे सांधे पाण्याच्या वर," ओइवा म्हणाला. "सगळ्या धक्क्याला दिसतील."

"दिसू देत."

ओइवा वळला आणि साखळीकरवतीपाशी गेला. करवत सुरू करण्याआधी त्याने अँबरोजला हाक मारली. "इकडे ये. कुठून कापू ते दाखव."

अँबरोज कप हातात घेऊनच आला. त्याने आधी काहीच दाखवलं नाही, नुसता ओइवाकडे बघत राहिला. मग त्याने पोकळीच्या खाली आणि वर, थोडं अंतर ठेवून, तळहात लाकडावर टेकवले. ओइवाने खडूने रेघा मारल्या, पण अँबरोजच्या हातांच्याही वीतभर बाहेर.

"जास्त होतंय," अँबरोज म्हणाला.

"कडा फुटायला नकोत," ओइवा म्हणाला. "आर्मास, ते टोक धर. करवत अडकू देऊ नकोस."

आर्मासने टोक धरलं.

दोन्ही तुकडे ट्रॅक्टरने धक्क्यावर नेले. अँबरोजच्या बोटीच्या डेकवर त्यांनी ते समोरासमोर ठेवले आणि जाळ्याच्या दोराने घट्ट बांधले. दोन भाग मिटले तेव्हा पोकळी पुन्हा आत गेली. बाहेर राहिला तो फक्त सालीवरचा व्रण. अँबरोजने त्यावर ताडपत्री टाकली, मग काय वाटलं कोण जाणे, ती काढून घडी करून ठेवली आणि तुकडा तसाच उघडा ठेवून बोट सोडली. तो खाडी ओलांडेपर्यंत सावोलांच्या घरातलं कोणीही धक्क्यावरून हललं नाही.

उरलेलं लाकूड कापायला बरेच दिवस लागले. प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा दोन भाग, मग त्यांच्या फळ्या, रेघा उभ्या येतील अशा. तसं कापलेलं लाकूड पाण्यात फुगलं तरी बेढब होत नाही. गाभ्याजवळचं ठिसूळ बाजूला, सालीजवळचं पांढरं बाजूला. भुशाने सगळ्यांना खोकला लागला. आर्मासने परतीचं नाव काढलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. त्याने एका जुन्या फळीच्या दोन पट्ट्या तिरक्या कापून सांधल्या. गोंद वाळल्यावर ओइवाने ती पट्टी दोन स्टुलांवर ठेवली आणि वाकवत नेली, मोडेपर्यंत. ती मोडली, पण सांध्यापासून वीतभर लांब. ओइवाने दोन्ही तुकडे उजेडात धरून पाहिले.

"काप किती लांब घेतलास?" त्याने विचारलं.

"जाडीच्या दहापट."

"आपण बारापट घेऊ," ओइवा म्हणाला.

फळ्या रचायचं काम लेम्पीने मागून घेतलं. गोदामात ओळीने फळी, तिच्यावर आडव्या काड्या, मग पुढची फळी, म्हणजे मधून हवा खेळेल आणि लाकूड सावकाश वाळेल. कुठली गडद, कुठली फिकी, ते ती बघून लावत होती, कारण इर्याला बोटीच्या दोन्ही अंगांना रंग सारखे यायला हवे होते. एका सकाळी मोठ्या दारातून ऊन आत आलं होतं. ओइवा एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला, अशी फळी उचलताना ती मधेच थांबली.

"ओइवा, यातली कुठली रेघ त्या वर्षाची?"

त्याला लगेच कळलं. त्याने फळी खाली ठेवायला लावली, खिशातून चष्मा काढला आणि तो गुडघ्यांवर बसला. गाभ्याकडून बोट सरकवत तो बाहेर आला, थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. रेघा इतक्या दाट होत्या की त्याच्या जाड नखाखाली एका वेळी कितीतरी झाकल्या जात होत्या. ती जखम खाली, दिलेल्या तुकड्यात राहिली होती. इथवर येता येता रेघा पुन्हा सरळ झाल्या होत्या, काही घडलंच नसल्यासारख्या.

"सांगता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पण आहे ती इथेच. प्रत्येक फळीत आहे."

लेम्पी त्याच्याशेजारी बसली. सगळ्या रचलेल्या फळ्यांच्या कडांवर ऊन पडलं होतं, आणि जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत त्या बारीक रेघा एकीवर एक चढत गेल्या होत्या, हिवाळे, उन्हाळे, आणि त्यांच्यात कुठेतरी, त्यांच्याइतकाच पातळ, एका माणसाचा एक दिवस.

बाहेरून इर्याची हाक आली, "पुढची फळी येऊ दे."

ते दोघे उठले. ओइवाने आपलं टोक धरलं, तिने तिचं धरलं, आणि त्यांनी ती फळी झोपलेलं मूल उचलावं तशी उचलली.